कोपराखाली चार बोटं

“हात असा करा वैनी, भाकर थापून राहिल्या असा,” शालिकराम मिस्त्री म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीशी उभे राहिले.

बेबीताईंनी चपला बाजूला सारल्या, पाठ भिंतीला टेकवली आणि उजवा हात कोपरात वाकवला. मनगट मध्येच अडलं. ते अडायचंच. दोन वर्षांपूर्वी मेथीच्या वाफ्यात पाय घसरून त्या हातावर पडल्या, तेव्हापासून हाड सांधलं होतं, पण वळत नव्हतं. त्यांनी तो हात पदराखाली घेतला आणि डावा पुढे केला. मिस्त्रींना हात कुठलाही चालत होता, त्यांचं लक्ष कोपराकडे. कोपराखाली चार बोटं मोजून त्यांनी भिंतीवर रेघ ओढली आणि टेप लावली.

“तीस. तीसले एक सूत कमी.”

“आनखी पाच-सहा इंच वर घ्या ना,” बेबीताई म्हणाल्या.

मिस्त्री हसले. मूर्तिजापुरात त्यांनी तीस वर्षं ओटे बांधले होते आणि घरच्या बाईला अनवाणी उभं केल्याशिवाय एकाही ओट्याची वीट ठेवली नव्हती. कुणाच्या घरी ओटा किती इंचांवर आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. नवी सून मांडवात उभी असतानाच हा माणूस तिचं कोपर पाहून ठेवतो, असं लोक गमतीनं म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

“पाच-सहा इंच वर घेतला, तं तुमाले पाटावर चढून भाकर थापा लागन वैनी. लोकं मले इचारतीन, शालिकराम, बाईचं माप घेतलं का बुवाचं?”

दारात पेपर धरून बसलेल्या उत्तमरावांनी पान उलटलं. त्या पानावर नुसत्या जाहिराती होत्या.

बुवाचंच माप घ्यायला हवं होतं. त्या घरात दोन वर्षं भाकर थापत होते ते उत्तमराव.

प्लास्टर काढलं त्या दिवशी बेबीताई पीठ मळायला बसल्या आणि परातीतच रडल्या. उत्तमरावांनी परात आपल्याकडे ओढली. पहिल्या महिन्यातल्या भाकरी दारातल्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. मग हळूहळू हात बसला. बेबीताई बाजूला स्टुलावर बसून सांगायच्या, ते करायचे. आता सांगावं लागत नव्हतं. वांग्याला दाण्याचा कूट किती, अंबाडीला किती पाणी, हे त्यांचं त्यांना कळत होतं, आणि ठेचा तर बेबीताईंपेक्षा त्यांचाच उजवा व्हायचा. हे बेबीताई कबूल करत नसत, दुसऱ्यांदा वाढून घेत.

पण हे सगळं कडी लावून. पहाटे साडेपाचला पुढचं दार बंद, मागचं दार बंद. सातला दारं उघडायची, तोवर टोपल्यात भाकरी, कढईत भाजी, आणि ओट्यापाशी पदर खोचून उभ्या बेबीताई. उत्तमराव तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर, हातात पेपर. बेबीबाईचा हात आता बरा झाला, असं सगळ्या आळीला माहीत होतं.

स्वयंपाकाची त्यांना लाज होती असं नाही. देवळाच्या भंडाऱ्याला दोनशे माणसांचे कणकेचे रोडगे भाजायला पहिला निरोप उत्तमरावांनाच यायचा, आणि ते धोतर खोचून, गोवऱ्यांच्या आरापुढे बसून, पोरासोरांवर ओरडत मोठ्या थाटात भाजायचे. दोनशे माणसांचं रांधलं तर तो मान. दोन माणसांचं रांधलं तर मात्र माणूस बायकोच्या जागी गेला. हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण उत्तमरावांना चांगला ठाऊक होता, कारण तो चालवणाऱ्यांत ते स्वतःच पुढे होते. बायको गेल्यावर हातानं करून खाणाऱ्या एका मास्तरांना ‘भाकरमास्तर’ हे नाव त्यांनीच पानठेल्यावर बसून दिलं होतं. मास्तर बदली होऊन चांदूर रेल्वेला गेले, तर नाव त्यांच्या आधी तिथं पोचलं. गावात नाव ठेवण्यात उत्तमरावांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि जुना ओटा होता सत्तावीस इंचांचा, त्यांच्या आईच्या मापाचा. म्हातारी जेमतेम साडेचार फूट. उत्तमराव पाच फूट दहा. रोज तासभर त्यावर वाकून झालं की ते मागच्या पायरीवर यायचे, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि आभाळाकडे बघत राहायचे, जणू ढग पाहताहेत. मे महिन्यातही पाहायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाकणं बंद करा, नाहीतर एक दिवस उठता येणार नाही. मुलगा धर्मेंद्र तर वाटच पाहत होता. अकोल्याला या, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मळा बटईनं कुणाला कसायला देऊन टाका. कंबर एकदा बसली की त्याला नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. बेबीताई दोनदा त्या फ्लॅटमध्ये राहून आल्या होत्या. तिथं खिडकीतून दुसऱ्या फ्लॅटची खिडकी दिसायची.

स्वयंपाकघर नवं करायचं हे सुनेनं काढलं. करिश्मा अकोल्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. धर्मेंद्रनं फोनवर लालभडक चकचकीत कपाटांचे फोटो पाठवले होते. तिनं ते पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, हे तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात ठेवलं तर मोटारसायकलचं शोरूम दिसेल. घर कसं आहे, विटांचं, छपरावर इंग्रजी कवेलू, मागे वांग्यांचा मळा. त्याला शोभेल असं करायचं. जुना गोठा पाडला तेव्हाच्या सागवानी फळ्या माळ्यावर पडून होत्या, त्यांची कपाटाची दारं. ओट्याला काळा दगड, पॉलिश न केलेला. पश्चिमेच्या भिंतीला वर विटांची जाळी, गरम हवा निघून जायला. ती भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापायची आणि जुना ओटा नेमका तिलाच टेकून होता. करिश्मानं तो तिथून उचलून उत्तरेला, रस्त्याच्या बाजूला नेला, आणि त्याच्यावर चांगली चार फुटांची खिडकी काढली.

नकाशा सगळ्यांना आवडला. खिडकी सोडून उत्तमरावांनाही.

“धूळ येईन,” ते म्हणाले.

करिश्मा म्हणाली, “जाळी लावू बाबा.”

मग माकडं येतील म्हणाले, तिनं गज काढून दाखवले. मग म्हणाले रस्त्यावरून जाणारे लोक वास घेत उभे राहतील. करिश्मा हसली आणि म्हणाली, आईच्या हातची भाजी आहे, राहूच देत. बेबीताई तेव्हा मेथी निवडत होत्या, निवडलेली जुडी त्यांनी पुन्हा निवडायला घेतली.

मिस्त्री माप घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, कड्या लागलेल्या असताना, बेबीताईंनी विषय काढला.

“मी मिस्त्रीले सांगून देतो.”

“काय सांगतं?”

“का ओटा तुमच्या मापाचा पायजे.”

उत्तमरावांचा हात परातीत थांबला. “त्या शालिकरामच्या तोंडाले झाकन हाय का? दुपारच्या आत रेल्वे फाटकापर्यंत जाईन.”

“जाऊ द्या मंग.”

“तुले काय होते जाऊ द्या म्हनाले. नाव का तुले ठेवतीन?”

“अन् कंबर?”

“कंबर माही हाय.”

“कंबर तुमची हाय,” बेबीताई म्हणाल्या, “पन अकोल्याले मले बी जा लागन.”

उत्तमरावांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि पाठ फिरवून दुसरा गोळा घेतला. त्यांना न विचारता मिस्त्रीला सांगायचं नाही, हे बेबीताईंनी त्या पाठीकडे बघत मान्य केलं. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं मानावं लागतं.

काम सुरू झालं. गॅस मागच्या पडवीत जमिनीवर आला आणि उत्तमरावांचं ढग पाहणं वाढलं. ओट्याची पहिली वीट ठेवतात त्या दिवशी मिस्त्रीला घरचं जेवण द्यायची रीत होती. पडवीत पान मांडलं, भाकर, भरली वांगी, ठेचा, कांदा. मिस्त्री जेवायला बसले आणि पहिलीच भाकर मोडता मोडता थांबले. त्यांनी ती तळहातावर घेतली, उजेडाकडे थोडी कलती केली. नवा गोठा बांधला तेव्हा महिनाभर ते या घरी जेवले होते. बेबीताईंची बोटं कांद्याच्या पातीसारखी, त्यांच्या भाकरीवरचे ठसे बारीक आणि जवळजवळ असत. हे ठसे रुंद होते, लांब लांब पडलेले.

“वैनी, हात जड झाला तुमचा,” ते म्हणाले.

“वय झालं,” बेबीताई म्हणाल्या.

उत्तमराव घाईनं पाणी वाढायला वाकले आणि सरळ होताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. मिस्त्रींनी ते पाहिलं. मग खाली मान घालून जेवले, आणखी अर्धी भाकर मागून घेतली. एरवी जेवताना ते अख्ख्या आळीच्या बातम्या सांगत, त्या दिवशी एकही सांगितली नाही.

दुपारी त्यांनी आत हाक मारली. “उत्तमभाऊ, जरा लेवलची नळी धरता का? असं भिंतीले टेकून. हात वाकवा थोडा. हां, असाच राहू द्या.”

उत्तमराव पाण्याची नळी धरून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर नळीतलं पाणी डुलत होतं, ते स्थिर व्हायची दोघं वाट पाहत होते. बेबीताई दारातून बघत होत्या. नळीतलं पाणी केव्हाच थांबलं, तरी मिस्त्री नळीकडे बघतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फरशीचा रंग निवडायला करिश्मानं दोघांना अकोल्याला बोलावलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले, तेव्हा काळा दगड बसलेला होता. उत्तमराव त्याच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवरची पेन्सिलीची रेघ शोधली. ती दगडाच्या पार खाली गेली होती.

“मिस्त्री, उंच झाला.”

मिस्त्रींनी टेप लावली. “छत्तीस,” ते म्हणाले. “चुकलं बा. सिमेंटनं धरलं आता, काढाले जाईन तं दगडाचे दोन तुकडे होतीन.” आणि बसून थापी पुसायला लागले. चुकलेला माणूस इतक्या निवांतपणे थापी पुसत नाही, हे बेबीताईंना दिसलं. उत्तमरावांना दिसलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

नव्या स्वयंपाकघरातल्या पहिल्या सकाळी उत्तमरावांनी पाच भाकरी केल्या, एकदाही न थांबता, पाठीचा कणा सरळ ठेवून. झाल्यावर मागच्या पायरीकडे गेले, कमरेवर हात ठेवायला उचलले, आणि ते ठेवायचं काही कारण नाही हे लक्षात येऊन तसेच परत आले.

“दगड चांगला हाय,” एवढंच म्हणाले.

खिडकीला मात्र त्यांनी स्वतः जाऊन जाड कापड आणलं आणि पडदा टांगला. करिश्मानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, खिडकी का झाकली? डास, म्हणाले.

महिनाभरात आळीतल्या बायका स्वयंपाकघर पाहून गेल्या. सागवानी दारांवरून हात फिरवायच्या, जाळीतून पडणारं ऊन बघायच्या, आणि ओट्यापाशी आल्या की गप्प व्हायच्या. बाहेर पडल्यावर बोलायच्या. मिस्त्रीची नजर गेली. पाच फुटाच्या बाईला छत्तीस इंच. बेबीबाई बिचारी पाटावर उभी राहत असेल. मिस्त्रींना कुणी विचारलं तर ते मान डोलवत, हो, चुकलं म्हणत. त्यांच्या बायकोनं, शकुनबाईंनी, भाजी घ्यायला आल्यावर बेबीताईंना सांगितलं की फाटकापलीकडे भगवंतरावांच्या मुलाचं घर उठतंय, त्याचं काम यांना ठरलं होतं, पण आता भगवंतराव मागेपुढे पाहतायत. दुसरीही दोन घरं थांबली आहेत. शकुनबाई कुणाला बोल लावत नव्हत्या. नवऱ्याला चष्मा लागलाय आणि तो मान्य करत नाही, असं त्यांनाही वाटत होतं.

बेबीताईंनी हे रात्रीच्या जेवणात जसंच्या तसं सांगितलं, वर आपलं एक अक्षर घातलं नाही. उत्तमरावांनी ताटातला ठेचा बोटानं एका बाजूला सारला आणि तो तिथंच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला भगवंतराव स्वतः आले, खिशात टेप घेऊन. मागे शालिकराम मिस्त्री होते. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले. भगवंतराव ओट्यापाशी गेले, टेप खाली सोडली.

“छत्तीस. शालिकराम, तुले अर्धा फूट दिसनं बंद झालं का बे?”

“झालं असन,” मिस्त्री म्हणाले.

“मंग माहं काम मी दुसऱ्याले देतो. राग नोको मानू.”

“राग कायचा.”

उत्तमराव बाहेरच्या खुर्चीवर होते. त्यांनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा एकदा दुमडली आणि खुर्चीवर ठेवली. आत आले. त्या दिवसाच्या भाकरी कधीच होऊन गेल्या होत्या, टोपल्यावर फडकं झाकलेलं होतं. तरी त्यांनी हात धुतले, परात घेतली, डब्यातून पीठ काढलं. मग आत अंधार वाटला म्हणून, किंवा कशानंही, त्यांनी खिडकीचा पडदा एका बाजूला ओढला. सकाळचा उजेड काळ्या दगडावर पडला. रस्त्यावरून दुधवाला चालला होता, त्यानं सायकलचा वेग कमी केला.

उत्तमराव पीठ मळत राहिले. गोळा केला, परातीत पीठ भुरभुरलं आणि थापायला घेतलं. थापण्याचा आवाज खिडकीतून सरळ बाहेर जात होता. पाठ ताठ, कोपर वाकलेलं, आणि कोपराखाली चार बोटांवर दगड. ते पाहायला टेप लागत नव्हती.

“माप बरोबर हाय, भगवंतराव,” ते मागे न वळता म्हणाले. “माहं हाय.”

भगवंतरावांची टेप आपोआप आत गेली आणि खटकन वाजली. भाकर तव्यावर फुगली. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“दोन वर्सं झाले.”

भगवंतरावांनी बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात पदराखालून काढला आणि मांडीवर ठेवला, तसाच, वाकडा. त्याला वारा लागला की बरं वाटायचं.

भाकरीचे चार भाग झाले. मिस्त्रींना आत या म्हणावं लागलं, दोनदा. ते भिंतीकडे बघत जेवले, जिथं त्यांची पहिली रेघ आता फरशीखाली गेली होती.

“पापुद्रा चांगला सुटला,” भगवंतराव म्हणाले, आणि हात धुताना मिस्त्रींना, “सोमवारपासून ये.”

गावानं नाव ठेवलंच. एकदा एक ठेवून पाहिलं, चार दिवसांनी दुसरं. पण कुठलंच धरलं नाही. गावात नाव ठेवणारा कसबी माणूस एकच होता, आणि तो आता सकाळी कामात असायचा.

पंधरा-वीस दिवसांनी, संध्याकाळी, उत्तमराव वांग्यांना पाणी देत होते आणि बेबीताई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारच्या मळ्यातला देवमन बांध ओलांडून आला. त्याची बायको पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, तीन महिने यायची नव्हती. तो आधी वांग्यावरच्या अळीबद्दल बोलला. मग विजेच्या लाइनबद्दल, की दिवसाची देतात आणि ऐन वेळी नेतात. मग वांग्याच्या भावाबद्दल. उत्तमराव हं, हं करत पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत होते. बोलायचं सगळं संपलं, तरी देवमन जात नव्हता. त्यानं वांग्याचं एक पान उलटं करून पाहिलं, सरळ केलं.

“भाऊ,” तो पानाकडे बघत म्हणाला, “पीठ गरम पान्यात भिजवा लागते का थंड्या?”

उत्तमरावांनी फावडं बांधाला टेकवलं.

“जवारी नवी हाय का जुनी?”

देवमननं रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून पिठाची कागदी पुडी काढली.